पाण्याखालचं अळू

गिरगावातल्या आमच्या खोलीत ऊन असं कधी आलंच नाही. समोरच्या चाळीची भिंत इतकी जवळ, की तिच्यावर पडलेला उजेड परतून आमच्याकडे यायचा आणि त्यालाच आम्ही सकाळ म्हणायचो. त्या खोलीतल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, लोखंडी घोडीवर ठेवलेल्या दोन फुटी काचेच्या टाकीत, ती अकरा वर्षं राहिली. तुळस आम्ही दोनदा लावली. दोन्ही वेळा ती उजेडाकडे मान ताणून ताणून वाळून गेली. मनीप्लांटसुद्धा एक-एक पान टाकत कंटाळला. ही मात्र टिकली.

तिचं कागदोपत्री नाव क्रिप्टोकोराइन वेंडटी. टाकीत झाडं लावणारे लोक तिच्या अख्ख्या प्रजातीला मिळून ‘क्रिप्ट’ म्हणतात. वीतभर लांब पानं, कडांना लुगड्याच्या निरीसारख्या चुण्या, वरून तपकिरी-हिरवा रंग आणि खालून गुलाबीकडे झुकणारा. खोड असं दिसतच नाही, सगळी पानं वाळूतून थेट वर आल्यासारखी. पंपाच्या पाण्याने ती हलतात, पण वेलीसारखी लवत नाहीत. देठापाशी घट्ट धरून फक्त टोकाला हलतात. कुणी घाईघाईने पाहिलं तर नजर तिच्यावरून सरळ माशांकडे जाते, आणि तिला त्याचं काही वाटत नसावं.

आई गावाहून आली तेव्हा तिने काचेजवळ बसून बराच वेळ न्याहाळलं. मासे तिला आवडले, पण बोट तिने झाडाकडे दाखवलं. म्हणाली, “अरे, हे अळूच की. पाण्याखालचं अळू.”

“आई, अळवाचं पान कुठे असं असतं?”

“पानाकडे नको बघू. नवीन पान कसं येतंय ते बघ. सुरळी करून.”

आईने वनस्पतिशास्त्र कधी वाचलेलं नाही. तरी तिचं निदान अचूक होतं. अळू, सुरण, पावसाच्या तोंडावर रानातून येणारी शेवळं आणि ही क्रिप्ट, सगळी एकाच कुळातली. आणि सुरळीची खूण तर वनस्पतिशास्त्रज्ञही वापरतात. क्रिप्टची एक सख्खी बहीण आहे, लॅजेनांड्रा. दोघींची पानं पुष्कळदा इतकी सारखी, की फूल नसेल तर ओळख पटवायची कोवळ्या पानाच्या गुंडाळीवरून. क्रिप्टचं पान एका कडेवरून दुसरी कड घेत चटईसारखं वळतं. लॅजेनांड्राच्या दोन्ही कडा आत वळून मधल्या शिरेपाशी भेटतात. या दोन्ही बहिणी आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतून राहतात. क्रिप्टोकोराइन रेट्रोस्पायरॅलिस कोकणातल्या नद्यांत दगडांमध्ये मुळं रोवून पुराचं पाणी अंगावरून जाऊ देते. क्रिप्टोकोराइन कॉग्नाटा तर कोकणाचीच लेक. आमची वेंडटी मात्र श्रीलंकेची, सावलीतल्या ओढ्यांतली. डच वनस्पतिशास्त्रज्ञ हेंड्रिक डी विट यांनी १९५८ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि आल्बर्ट वेंट या जर्मन माणसाचं नाव तिला दिलं. पाणवनस्पतींवर लिहिण्यात त्याने आयुष्य घातलं होतं. क्रिप्टोकोराइन या नावात मात्र तिचा स्वभाव आला आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ लपलेली गदा. अळवाच्या, शेवळाच्या फुलात जो दांडा दिसतो, तोच हिच्या फुलात एका नळीच्या तळाशी दडून बसतो. पाण्याखाली असताना ती फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. अकरा वर्षांत मी तिचं फूल पाहिलेलं नाही.

क्रॉफर्ड मार्केटमधून ऐंशी रुपयांना मी तिला आणलं, तेव्हा तिला पाच पानं होती. जाड, ताठ, तकतकीत. घरी आणून वाळूत रोवली. आठव्या दिवशी एक पान काचेसारखं पारदर्शक झालं, दहाव्या दिवशी पाचही. हात लावला की बोटाला बुळबुळीत चिकटायची. टाकीवाले याला ‘मेल्ट’ म्हणतात, आणि वितळणं हाच शब्द त्याला शोभतो, कारण पान वाळत नाही की पिवळं पडत नाही, ते विरतं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माझ्या हातून मेलं असं धरून मी ते उपटायला निघालो होतो. कामाला उशीर झाला म्हणून राहिलं, आणि मग आळसाने महिनाभर राहिलं.

पाचव्या आठवड्यात वाळूतून सुईएवढी एक सुरळी वर आली.

पुढे कळलं, की या झाडांच्या बागायतीत त्यांना बहुधा पाण्याबाहेर वाढवतात, दमट हवेत. त्या पानांना हवेत जगायचं असतं म्हणून अंगावर मेणाचा थर असतो, श्वासाची रंध्रं असतात. पाण्याखाली गेल्यावर ती पानं निकामी. ती सोडून द्यायची आणि पाण्याजोगी पातळ, नवी पानं काढायची, हा तिचा हिशेब. जुनी पानं सांभाळत बसणं तिला परवडत नाही. जमिनीखाली जाडसर कंद असतो, सगळी शिल्लक त्यात. त्याला कुणी हलवलं नाही तर ती परत येते. हलवलं, तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या ओळखीत तिच्याइतकी जागा धरून राहणारी दुसरी कोणी नाही.

परत आली, आणि तिथून माझी चूक सुरू झाली. तिला खायला घालायची.

जे झाड मरता मरता उठलं त्याला भरपूर द्यावं असं वाटणं साहजिक होतं. महिन्याला एक पान येत होतं, मला चार हवी होती. कुंड्यांसाठी आणलेलं १९:१९:१९ खत घरात होतं. एक चमचा पाण्यात विरघळवून टाकीत ओतलं आणि दिवा सहा तासांऐवजी बारा तास ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी चेरी बार्ब पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. सहांतले चार गेले. त्या खतातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्या आणि अमोनियाच्या रूपात असतो, शेतात मातीतले जंतू तो पचवतात, पंचावन्न लिटर पाण्यात तो आधी माशांच्या कल्ल्यांना जाळतो. दहाव्या दिवशी पाणी इतकं हिरवं झालं, की मागची काच दिसेना. शेवाळाने माझा चमचा खाल्ला होता. तिने एकही पान जास्त काढलं नाही.

ते चार मासे तिच्याच देशाचे होते. चेरी बार्ब श्रीलंकेच्या सावलीतल्या ओढ्यांतलेच. मुद्दाम शोधून आणले होते, तिला सोबत म्हणून. अजून ती सकाळ आठवली की घशाशी येतं.

खाणं आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिच्यामुळे समजलं. झाडाची भूक उजेड ठरवतो. उजेडात पान साखर करतं, त्या साखरेतून नवं पान बांधायचं तर नत्र, स्फुरद, पालाश, लोह लागतं. उजेड कमी तर साखर कमी, साखर कमी तर बाकीच्याची गरज कमी. कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ च्या सुमाराला आणि पुढे लीबिगने गावोगाव पोचवलेला नियम हाच: वाढ ठरते ती सगळ्यात तुटपुंज्या गोष्टीवर. आमच्या खोलीत तुटपुंजा होता उजेड. त्याच्यामागोमाग कर्बवायू. पाण्यात वायू पसरतो तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू, म्हणजे पानाला चिकटलेल्या पाण्यातला वायू संपला की पुढचा घास येईपर्यंत थांबून राहायचं. अशा झाडापुढे खताची रास घातली, तर ती पानाबाहेरच पडून राहते. मग जो पटकन खाऊ शकतो तो ती खातो. शेवाळाला ना देठ बांधायचा, ना मूळ. त्याचं जेवण दोन मिनिटांचं असतं.

पाणी बदलून बदलून टाकी निवळायला दोन महिने गेले. त्याच सुमाराला आई दुसऱ्यांदा आली. मी तिला सगळं सांगितलं, चमच्यापासून. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आपल्याकडे अळवाला खत कोण घालतं रे?”

कोणीच नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या घराच्या मागे, न्हाणीचं पाणी परसात जिथे पडतं, तिथे अळू आहे. मला आठवतं तेव्हापासून आहे. फणसाची गच्च सावली, पायाखाली सदा ओल, आणि ते हिरवंगार. कोणी त्याला शेण घातलं नाही, कोणी पाणी घातलं नाही. घर जेवत होतं, घर भांडी घासत होतं, त्यावर ते जगत होतं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी मनातल्या मनात न्हाणीचं ते पाणी मोजू लागलो. त्यात काय काय होतं? तांदूळ धुतल्याचं पाणी, डाळीचं पाणी, खरकटं. म्हणजे नत्र आणि स्फुरद. मग भांडी घासायची राख. चुलीतली लाकडाची राख, नारळाच्या शेंडीने घासलेली, तीही त्याच पाटाने परसात जायची. राखेत पालाश असतो. पोटॅशियम हे नावच मुळी भांड्यात राख उकळून काढलेल्या क्षारावरून पडलं आहे. आणि हे सगळं जाऊन पडायचं ते तांबड्या मातीत. जांभ्याची माती, तिचा लाल रंगच लोहाचा. आईच्या अळवाला चारही गोष्टी मिळत होत्या आणि कोणीही देत नव्हतं.

माझ्या टाकीतही एक घर जेवत होतं. मासे जेवायचे, कल्ल्यांतून अमोनिया सोडायचे, विष्ठा वाळूत मुरायची. माशांचं खाद्य बहुतेक प्रथिनांचं असतं, त्यामुळे नत्र आणि स्फुरद त्यातून आपोआप येतं. थेंबाथेंबाने आलेला अमोनिया पाणवनस्पती हौसेने उचलतात, नायट्रेटच्या आधी तोच. डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली टाकीतल्या वनस्पतींवर जे पुस्तक लिहिलं, त्याचा गाभाच हा आहे, की वाळूखाली साधी माती असावी आणि माशाच्या तोंडात पडलेलं खाद्य हेच झाडाचं खत मानावं. माझा चमचा एका क्षणात जेवढं ओतून गेला, ते तिला महिनोन्‌महिने चिमटी-चिमटीने चालणार होतं. टाकीत माती नव्हती, ती एक उणीव. पण माझ्या टाकीत दोन गोष्टी मुळीच नव्हत्या, राख आणि जांभा. भातसा-तानसाचं पाणी मऊ, क्षार त्यात फार थोडे. माशांच्या खाद्यात पालाश जेमतेम. धुतलेल्या पांढऱ्या वाळूत लोह नाही.

राख टाकीत घालता येत नाही, ती पाणी अल्कधर्मी करते. पालाश दुसरीकडून आणायचा होता. गणपतीला गावी गेलो तेव्हा तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात गेलो. शेल्फवर विद्राव्य खतांची पाकिटं ओळीने लावलेली. द्राक्षबागायतदार आणि डाळिंबवाले ठिबकमधून सोडतात तीच. त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. मी १३:०:४५ मागितलं. म्हणजे पोटॅशियम नायट्रेट: १३ टक्के नत्र, तेही सगळं नायट्रेटच्या रूपात, त्यामुळे माशांना त्याचा त्रास अमोनियासारखा नाही. स्फुरद शून्य, पालाश ४५.

दुकानदार म्हणाले, “आंब्याला का?”

“नाही काका. पाण्यातल्या झाडाला. टाकीत आहे.”

त्यांनी पाकीट पुढे केलं आणि मग जरा थांबून म्हणाले, “मग जपून हां. ह्याचा पिकावर जोर असतो.” नाशिक-सांगलीच्या बागा ज्यावर पोसल्या त्याच पांढऱ्या दाण्यांचं एक किलोचं पाकीट मी पिशवीत घातलं.

मुंबईत आल्यावर हिशेब केला. पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा. दाणे मोजायला सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणला. पंचावन्न लिटरमध्ये पाव ग्रॅम विरघळला की दर लिटरला सुमारे पावणेदोन मिलिग्रॅम पोटॅशियम आणि पावणेतीन मिलिग्रॅम नायट्रेट येतं. उजेड कमी, मासे मोजके, झाडंही मोजकीच, तेवढ्यांना एवढं पुरतं. या मापाने ते पाकीट चार हजार आठवडे चालेल. म्हणजे सुमारे ७७ वर्षं. मी तेवढा नसेन. ती असेल, कारण बाजूला धुमारे फुटत राहिले तर तिला म्हातारपण येत नाही.

लोहाची गोष्ट वेगळी, आणि तिचा खरा स्वभाव मला तिथेच कळला. पाण्यात लोह टाकलं तर ते टिकत नाही. प्राणवायू लागला की गंजून तळाला बसतं. म्हणून बाजारातलं लोह चिलेटेड असतं, दुसऱ्या रेणूच्या मुठीत धरलेलं. ते पाण्यात चालतं. पण ही पाण्यातून जेवणारी नव्हे. ही पायांनी जेवते. एकदा टाकीच्या काचेलगत वाळूत तिची मुळं दिसली, पांढरी, जाड, वर वीतभर पानं तर खाली टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली. खाली जे जग आहे ते वरच्यासारखं नाही. वाळूच्या दोन-तीन बोटांखाली प्राणवायू संपतो, आणि तिथे लोह पुन्हा विरघळलेल्या रूपात येतं. मुळाला हवा लागतेच, तर ती वरून आणते. पानात तयार झालेला प्राणवायू देठातल्या पोकळ्यांतून ती खाली मुळांना पोचवते. उजेडात ती पानात प्राणवायू करते आणि काळोखातल्या पायांना देते, मग पाय काळोखातलं लोह वर पाठवतात. खोलीत दिवा लागला की हा व्यवहार सुरू होतो हे कळल्यापासून संध्याकाळी स्विच दाबताना माझा हात जरा सावकाश झाला.

जर्मन टाकीवाल्यांना हे आधीच उमगलं होतं. कास्पार हॉर्स्ट आणि होर्स्ट किपर हे दोघं आशियातल्या ओढ्यांत फिरून, क्रिप्ट जिथे उगवते तिथलं पाणी आणि माती मोजत गेले, आणि १९८० च्या दशकात त्यांनी टाकीच्या तळाला लॅटराइट घालायचा आग्रह धरला. लॅटराइट म्हणजे आपला जांभा. युरोपातल्या हौशी माणसांनी जे पैसे मोजून डब्यांतून विकत घेतलं, त्याच्या चिऱ्यांनी आमच्या घराच्या भिंती बांधल्या आहेत.

गावाहून मी जांभ्याची बारीक माती पिशवीभर आणली. चाळीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना होता, तिथून शाडूचा एक गोळा मागून घेतला. जांभा आणि शाडू सम प्रमाणात कालवून बोराएवढ्या गोळ्या वळल्या, तीन दिवस पंख्याखाली वाळवल्या. मधे काही घातलं नाही. खत नाही, शेण नाही. सेंद्रिय काही कोंडलं तर तळाशी कुजतं आणि अंड्याच्या वासाचे बुडबुडे येतात. एकेक गोळी बोटाने वाळूत दोन इंच खोल, मुळांपासून चार बोटं दूर. मुळाला तिच्यापर्यंत यायला वेळ लागावा अशी. शाडू पाण्यात सुटते म्हणून गोळी उथळ ठेवायची नाही, नाहीतर टाकी दुधासारखी होते. दर चार महिन्यांनी चार गोळ्या. बाजारात अशा गोळ्या ‘रूट टॅब’ नावाने तयार मिळतात, त्याही चांगल्या असतात. पण मला या वळायच्या होत्या.

सहाव्या महिन्यात ती बदलली. उंच होईना, पण दाट झाली. पानांच्या खालचा गुलाबी रंग, जो मी पहिल्या दिवशी दुकानात पाहिला होता आणि विसरून गेलो होतो, तो परत आला.

तिचं बोलणं पानांतून असतं, आणि कोणतं पान बोलतंय याला महत्त्व आहे. नत्र कमी पडलं, पालाश कमी पडला, मॅग्नेशियम कमी पडलं, तर दुखणं दिसतं जुन्या पानांवर. कारण ही द्रव्यं तिच्या अंगात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतात. नव्या पानाला उणं पडतंय असं दिसलं की ती जुन्यातलं काढून नव्याला देते. पालाशाच्या टंचाईत जुन्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात, मग ती कडेने पिवळी होतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की हलत नाही. जुन्या पानाने कितीही म्हटलं तरी लेकीला ते देता येत नाही. लोह संपलं की नवं पान येतानाच फिकट येतं, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळट, शेजारचं जुनं पान खुशाल गडद. द्राक्षवाला शेतकरी बागेच्या बांधावरून हे वाचतो. मला वाचायला चार वर्षं लागली. म्हणून आता तिच्यासमोर बसलो की आधी सगळ्यात म्हाताऱ्या पानाकडे बघतो, मग सगळ्यात कोवळ्याकडे. मधल्यांना विचारायचं कारण पडत नाही.

जुनं पान पिवळं पडू लागलं की कापावं असं काही जण सांगतात. मी ते अर्धं रिकामं होईपर्यंत थांबतो. त्यात तिचं अजून काही उरलेलं असतं.

टाकीत आणखी दोघं होते, लाकडाला दोऱ्याने बांधलेले. अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्न. अ‍ॅन्युबियसही अळवाच्याच कुळातला, पश्चिम आफ्रिकेचा, पण त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं की सडतं. त्यांची मुळं धरून राहण्यापुरती, जेवण पाण्यातून. पाव ग्रॅमचं पाणी त्यांच्यासाठीही, आणि गोळ्या फक्त हिच्यासाठी. अ‍ॅन्युबियस महिन्याला एखादं पान काढतो आणि त्याच्या पानावर काळ्या दाढीसारखं शेवाळ येतं, कारण पान फार दिवस जगतं. उजेड त्याच्यावरून काढून क्रिप्टच्या बाजूला सरकवला की ते कमी होतं. त्यांच्याविषयी इतकंच. ते चांगले आहेत, पण माझी नाती हिच्याशी.

गेल्या महिन्यात चाळ पुनर्विकासाला गेली. आम्हाला मालाडला नवव्या मजल्यावर जागा मिळाली, तोंड पश्चिमेला. सामान बांधताना बाकी सगळं पोत्यांत आणि खोक्यांत गेलं. तिच्यासाठी मी दोन दिवस घेतले. मासे झाकणाच्या बादलीत. पाणी उपसून वाळूवर दोन इंच ठेवलं. वाळूला हात लावला नाही, एक खडाही हलवला नाही. पानांवर ओला वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि टाकी प्लायवूडच्या फळीवर ठेवून शेजारच्या मुलाने आणि मी चार जिने उतरवली. टेम्पोत मी मागे तिच्याशेजारी बसलो.

नव्या घरात ऊन आहे. दुपारी तीनपासून सातपर्यंत खोलीभर. घरातली सगळी खूश आहेत, आणि मी पडदे शिवायला टाकले आहेत, जाड, दोन थरांचे. एवढा उजेड तिला एकदम लागला तर तिची भूक एकदम वाढेल, आणि तिच्याकडे ना खायला कर्बवायू असेल, ना खाणारी पानं. आत्ता तर पानं नाहीतच. पाचव्या दिवशी पहिलं पान पारदर्शक झालं, आज आठवा दिवस आहे आणि चौदाही गेली. मी टाकीत हात घालून विरलेली पानं बोटाने हलकेच सोडवून काढतो, कुजून पाणी बिघडू नये म्हणून. रोज बादलीभर पाणी बदलतो.

आज रविवार, पाव ग्रॅमचा दिवस. काटा बाहेर काढला होता, परत ठेवला. खायला पानंच नाहीत, तर दाणे कुणासाठी? गोळ्याही नाहीत. खाली जांभा आहे अजून.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“तुझं अळू पोचलं का नीट?”

“पोचलं. पण सगळी पानं गेली.”

“कंद कसा आहे?”

मी बाही वर सारली, हात टाकीत घातला आणि वाळूच्या कडेने बोट खाली नेलं. टणक लागला.

“घट्ट आहे,” मी म्हणालो.

“मग हात काढ आता,” ती म्हणाली.